डब्याचं झाकण

सिनेमाच्या रिळाला हात लावण्याआधी नखं कापावी लागतात, हे मला नोकरीच्या चौथ्या दिवशी कळलं. मी हिशेबनीस म्हणून लागले होते, तीही अर्धवेळ. व्हाउचर, कॅशबुक, ऑडिटरच्या शंका आणि दर वर्षी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात भरायचे कागद, एवढंच माझं काम. पण संस्थेत माणसं मोजून चार. त्या दिवशी रिळं तपासणारे काका एकटेच होते. "जरा इकडून धर गं," म्हणाले. मी धरलं आणि नख लागलं. चांगला दीड इंच ओरखडा. काका काही बोलले नाहीत. ड्रॉवर उघडला, नेलकटर काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

त्यानंतर चोवीस वर्षं नेलकटर माझ्या पर्समध्ये राहिलं.

आमच्या लेटरहेडवर 'ना नफा ना तोटा' असं छापलेलं असायचं. तोटा मात्र न चुकता व्हायचा. संस्थेची कामं दोन. जुने चित्रपट मिळतील तिथून आणून सांभाळायचे आणि नव्या मुलामुलींना लघुपट, माहितीपट करायला हात द्यायचा. म्हणजे थोडे पैसे, थोडी यंत्रसामग्री आणि फुकटचे सल्ले भरपूर. मध्य मुंबईत एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर तीन खोल्या होत्या. त्यांतल्या मधल्या खोलीत एसी चोवीस तास चालू, आणि आम्ही बाहेर पंख्याखाली घामाघूम. नवीन येणाऱ्याला याचं हसू यायचं. मलाही आलं होतं.

काका आयुष्यभर एका लॅबमध्ये फिल्म चेकर होते. निवृत्त झाल्यावर आमच्याकडे आले. ते डोळे मिटून रीळ तपासायचे. उजव्या हाताने रिवाइंडरचं हँडल, आणि फिल्म डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीच्या चिमटीतून दोन्ही कडांनी सरकत जायची. कडेचं होल तुटलेलं असलं की बोटाला टोचतं. जुना जॉइंट आला की बारीकशी गाठ लागते. फिल्म आकसली असेल तर ती चिमटीत सैल पडते. "अगं, डोळ्यांनी काय बघतेस? डोळे पिक्चरमध्ये अडकतात. बोटांनी बघ." पस्तीस मिलिमीटरच्या एका फुटात सोळा फ्रेम. हजार फुटांचं रीळ पडद्यावर अकरा मिनिटांत संपतं. आमच्या टेबलावर त्याला सकाळ लागायची. जॉइंट खरवडायचा, सिमेंट लावायचं, दाबून धरायचं आणि वहीत नोंद करायची : अमुक फुटांवर, अमुक बाजूला, इतकी होलं तुटलेली. चौदा रिळांचा एक चित्रपट म्हणजे जवळपास तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत चित्रपटाची गोष्ट कळतेच असं नाही. एका गाजलेल्या कौटुंबिक चित्रपटाची सगळी रिळं मी दुरुस्त केली, पण त्यातला मोठा भाऊ शेवटी घरी परत येतो की नाही हे मला पुढे टीव्हीवर समजलं.

पहिली दोन वर्षं माझी समजूत अशी होती की लोकांना जे चित्रपट आवडले ते टिकले असणार आणि आपटले ते गेले असणार. टेबलावर दिसायचं ते उलट. जो चित्रपट खूप चालला त्याची प्रिंट शहरातून तालुक्याला, तालुक्यातून जत्रेतल्या तंबूत फिरत राहिली. वाटेत प्रत्येक ऑपरेटरने तुटला तेवढा भाग कापून जोडला. कुणी रीळ बदलायची खूण म्हणून कोपऱ्यात खिळ्याने फुल्या मारल्या. गाण्याच्या रिळाचे हाल तर विचारूच नका. गाण्यातल्या फ्रेम कापून पोरांना वाटणारे ऑपरेटर माझ्याही लहानपणी होते. मी स्वतः अशा दोन फ्रेम कंपासपेटीत ठेवल्या होत्या. नायिकेच्या हिरव्या साडीचे ते दोन चौकोन मी उन्हाला धरून बघायचे. त्या वेळी आपण काय जपतोय आणि कशाचं नुकसान करतोय, हे कुणाला ठाऊक होतं? उलट एक आठवडा चालून उतरलेल्या चित्रपटाची प्रिंट डब्यात कोरी करकरीत पडलेली असते. चित्रपट झिजतो तो लोकांच्या प्रेमाने, आणि वाचतो तो बहुतेकदा कुणाच्या तरी विसराळूपणाने. हे मान्य करायला मला बराच वेळ लागला. अजूनही कुणी 'अभिजात चित्रपटांचं जतन' असं भाषणात म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे ती चाळण झालेली गाण्याची रिळं येतात.

म्हणून पी. के. नायर यांचं मोठेपण मला उशिरा पटलं. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं. नायर पुढच्याच वर्षी तिथे रुजू झाले आणि १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत रीळ न् रीळ जमवत राहिले. चांगला कुठला, वाईट कुठला हे संग्राहकाने ठरवू नये, मिळेल ते ठेवावं, अशी त्यांची भूमिका. तीन खोल्यांच्या संस्थेत बसून मला ती चैन वाटायची. आम्हाला जागेसाठी रोज काहीतरी नाकारावं लागायचं. पण मी नाकारलेल्यांची एक यादी ठेवली होती. ती आज वाचताना घसा कोरडा पडतो. त्यातलं किती गेलं असेल याचा अंदाज करायला फार हुशारी लागत नाही. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ चा. त्याची एकही प्रिंट कुठे उरलेली नाही. ३ मे १९१३ रोजी गिरगावात कोरोनेशनमध्ये लागलेल्या 'राजा हरिश्चंद्र'चा काही भागच आपण आज पाहू शकतो. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश', १९२५ चा मूकपट, नुसता लिहिलेला वाचायचा. हे चित्रपट काही कुणी वैराने नष्ट केले नाहीत. काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये चांदी असते. ती काढून घेणारे घाऊक भावाने रिळं उचलायचे. फिल्म धुऊन उरलेल्या पट्टीच्या बांगड्या व्हायच्या. निर्मात्याच्या दृष्टीने धंदा संपलेला असायचा, गोदामाचं भाडं मात्र चालू. मी हिशेबाची माणूस आहे. त्या निर्मात्याच्या जागी मीही कदाचित हेच केलं असतं.

माझ्या हातून झालेल्या दोन चुका मला इथे सांगायच्याच आहेत.

पहिली वासाची. ॲसिटेटची फिल्म दमट, उबदार हवेत सडायला लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. एका पावसाळ्यात आमच्याकडे एक मोठा संच आला. त्यातल्या दोन डब्यांना वास होता. मी वहीत 'किंचित वास' असं लिहिलं आणि जागा नाही म्हणून ते डबे इतरांच्याच कपाटात सरकवले. काका तेव्हा गावी गेले होते. पुढच्या वर्षी कपाट उघडलं तर जेवणाच्या पंगतीत चटणी सांडल्यासारखा भपकारा आला. त्या वाफेने शेजारची रिळंही बाधतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. काकांनी दोनदा सांगितलं होतं. मी ते 'काकांचं एक म्हणणं' या खात्यात टाकलं होतं. नंतर निळ्या कागदाच्या बारीक पट्ट्या मिळायला लागल्या. त्या डब्यात ठेवल्या की आम्लाच्या प्रमाणात निळ्याच्या हिरव्या आणि हिरव्याच्या पिवळ्या होतात. मी सगळ्या डब्यांत त्या टाकल्या. पिवळी पट्टी पहिल्यांदा हातात आली तेव्हा तपासणीची तारीख टाकताना माझा हात थांबला होता. त्या कपाटातली सात रिळं आम्ही शेवटी वेगळी काढली. वाकून, आकसून त्यांच्या फरसाणासारख्या कड्या झाल्या होत्या.

दुसरी चूक झाकणांची, आणि ती मला जास्त टोचते. नियमावलीत लिहिलेलं असतं की गंजके पत्र्याचे डबे बदलून प्लॅस्टिकचे घ्यावेत. मी उत्साहाने बदलले. साठ-सत्तर डबे. एका देणगीदाराने प्लॅस्टिकच्या डब्यांचे पैसे दिले होते, त्यामुळे फोटोही काढला. जुने पत्र्याचे डबे भंगारवाल्याला दिले आणि पावतीही फाइलला लावली, कारण सवय. महिन्याभराने एक जुने ऑपरेटर सहज भेटायला आले. आयुष्यभर तंबूत आणि गावोगावच्या थिएटरांत मशीन चालवलेला माणूस. नवे पांढरे डबे बघून म्हणाले, "बाई, झाकणं कुठायत?"

"भंगारात दिली."

ते बराच वेळ गप्प बसले. मग एकेका बोटावर मोजत सांगायला लागले. झाकणावर खडूने, कधी तेलाच्या रंगाने लिहिलेलं असायचं : कुठल्या थिएटरात किती दिवस चालली, रीळ पाच हे दुसऱ्याच प्रिंटमधून घेतलंय, अमुक ठिकाणी साउंड गेलाय, फलाण्या ऑपरेटरने गाणं कापलंय. एका झाकणावर त्यांनीच उधारी लिहून ठेवली होती. प्रिंट कुठून कुठे फिरली, तिची प्रकृती कशी होती, हे सगळं त्या गंजलेल्या पत्र्यावर होतं आणि मी ते किलोच्या भावाने विकलं. चित्रपट आत होता, बरोबर. पण कुठलं रीळ कुठून आलं, दुरुस्ती कुठे करायची, हे सांगणारा कागद मीच फाडला होता.

त्यानंतर मी नियम केला की झाकणाचा फोटो आधी आणि डबा नंतर. त्यापुढे गेले आणि त्या ऑपरेटरकाकांना दर मंगळवारी बोलावलं. चहा, वडापाव आणि येण्याजाण्याचे पैसे. ते बोलायचे, मी लिहायचे. तंबूत पाऊस आला तर पडदा कसा वाचवायचा, मशीनमधला कार्बन कधी बदलायचा, जत्रेत रात्री शेवटच्या खेळाला कुठले पिक्चर चालतात. सहा वह्या भरल्या. सातवी अर्धी आहे. ते गेले.

चित्रपटाला मी माणसांपासून वेगळं काढून बघायचं सोडलं, ते सातारा जिल्ह्यातल्या एका फेरीनंतर. एका काकूंचा फोन आला होता. यजमान पूर्वी यात्रा-जत्रांतून टूरिंग टॉकीज चालवायचे, माळ्यावर डबे आहेत, घर पाडून नवं बांधतोय, न्यायचे तर न्या. आम्ही दोघं टेम्पो घेऊन गेलो. माळ्यावरून एकतीस डबे खाली आले. उघडायला घेतले तर आठांत कुरडया.

"हवाबंद असतात हो," काकू म्हणाल्या. "वाळवण मऊ पडत नाही."

"आणि आतली फिल्म?"

"पोरांनी नेली खेळायला. कधीची गोष्ट."

बाकी तेवीस डब्यांत एका पौराणिक चित्रपटाची तीन-चार रिळं, फिल्म्स डिव्हिजनची बातमीचित्रं, विडीच्या जाहिरातींचे तुकडे, आणि एक सोळा मिलिमीटरचं शंभर फुटांचं छोटं रीळ. त्याच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. मुंबईत स्कॅन केलं तेव्हा कळलं की यजमानांनी कुणाकडून तरी आपल्याच तंबूचं चित्रण करून घेतलं होतं. पावणेतीन मिनिटं. बांबू उभे राहतायत, कनात ताणली जातेय, बैलगाड्या सोडल्यायत, बायका मुलांना कडेवर घेऊन रांगेत उभ्या आहेत. तिकिटाच्या टेबलाशी नऊवारीतली एक तरुण बाई पैसे मोजतेय आणि कॅमेऱ्याकडे वैतागून बघतेय. सहा महिन्यांनी लॅपटॉप घेऊन आम्ही पुन्हा गेलो. नव्या घराच्या ओट्यावर बसून काकूंनी ते दोनदा बघितलं. सुनांना, नातवंडांना बोलावलं. मग म्हणाल्या, "तंबू वाकडा लागलाय. मी तेव्हाही म्हटलं होतं यांना."

असे तुकडे कुठल्याच चित्रपटाच्या इतिहासात नसतात. आमच्या वार्षिक अहवालातही ते एका ओळीत संपलं : 'एक १६ मि.मी. रीळ, १०० फूट, विषय अज्ञात'. ती ओळ मी पुढच्या वर्षी बदलली.

नायट्रेटबद्दल थोडं. पन्नासच्या दशकाआधीची बरीचशी पस्तीस मिलिमीटरची फिल्म नायट्रेटची. ती पेटली तर पाण्याने विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या स्वतःतच असतो. काठावर बारीक अक्षरात 'सेफ्टी' छापलेलं दिसलं की काका सुस्कारा टाकायचे. एकदा ते दिसलं नाही. रीळ मधासारखं चिकट झालं होतं आणि कडेला तपकिरी भुकटी. आम्ही एसी वाढवला, दिवे बंद केले, आणि ते पुण्याला पोहोचेपर्यंत इमारतीत कुणी काडी पेटवणार नाही याची मी स्वतः राखण केली. नायट्रेट ठेवण्याची सोय आमच्यासारख्यांकडे असूच शकत नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेटच्या रिळांना आग लागली तेव्हा आम्ही सगळे कामं सोडून रेडिओजवळ बसलो होतो. काका घरी गेले आणि दोन दिवस आले नाहीत.

मात्र आगीचीही दुसरी बाजू मी पाहिली. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबला लागलेल्या आगीत होरपळल्या. जळकं म्हणून ते फेकून देता आलं असतं. कुणीतरी फेकलं नाही. वीसेक वर्षांनी इटलीत बोलोन्याला तंत्रज्ञांनी त्या कडक झालेल्या पट्ट्या पुन्हा मऊ करून, एकेक होल हाताने दुरुस्त करून त्यांतलं जमेल तेवढं वाचवलं, आणि २०१५ मध्ये तिन्ही चित्रपट पुन्हा पडद्यावर आले. त्याच वर्षी मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशनने चित्रपट जतनाची कार्यशाळा भरवली. देशोदेशीचे लोक शिकवायला. काकांनी मला तोंडी दिलेलं बरंचसं तिथे पुस्तकी नावांनी भेटलं. शेवटच्या दिवशी मी काकांना फोन करून म्हटलं, तुमचं सगळं बरोबर होतं. ते म्हणाले, "मग त्या कपाटातली सात रिळं?"

पैशाविषयी बोलल्याशिवाय अशा संस्थेची गोष्ट पुरी होत नाही. महोत्सवाला पैसे मिळतात. उद्घाटनाला, पोस्टरला, पाहुण्याच्या विमानाच्या तिकिटाला मिळतात. विजेच्या बिलाला मिळत नाहीत. आणि जतन म्हणजे मुख्यतः विजेचं बिल. एका दात्याने विचारलं, एसीवर वडिलांच्या नावाची पाटी लावता येईल का? लावली. तो एसी बंद पडला, नवा आणला, पाटी त्याच्यावर चिकटवली. त्याच फाउंडेशनने 'मंथन' या चित्रपटाची दुरुस्ती केली आणि तो २०२४ मध्ये कानला दाखवला गेला, तेव्हा सगळे कानच्या बातम्या वाचत होते. मला आवडला तो आकडा : १९७६ साली गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी हा चित्रपट काढायला प्रत्येकी दोन रुपये दिले होते. म्हणजे दहा लाख. दोन रुपयांची पावती फाडणाऱ्या कारकुनाचा मला हेवा वाटतो.

आता नव्या मुलांबद्दल, कारण सगळ्यात मोठी थप्पड तिथे बसली. दोन हजार सालानंतरच्या दहा-बारा वर्षांत आम्ही बऱ्याच लघुपटांना मदत केली. कधी पंचवीस हजार, कधी नुसतं एडिटिंगचं टेबल रात्रभर. मुलं शूट करायची ते मिनीडीव्हीच्या टेपवर, पुढे कार्डवर. आमच्याकडे एक डीव्हीडी यायची. ती आम्ही प्लॅस्टिकच्या पाकिटात कपाटात ठेवायचो आणि निश्चिंत. लॉकडाउनच्या आधीच्या वर्षी एक दिग्दर्शक आला, आता नाव मिळवलेला. "ताई, माझी पहिली फिल्म तुमच्याकडे असेल ना? माझी हार्ड डिस्क गेली." होती. डीव्हीडी अकराव्या मिनिटाला अडकायची. आम्ही तीन ड्राइव्ह बदलून बघितले. अकरा मिनिटंच. तो काही बोलला नाही. काकांनी नेलकटर ठेवलं होतं तसाच न बोलता गेला.

मग मी सगळी कपाटं उपसली. आम्ही मदत केलेल्या लघुपटांतले निम्मेसुद्धा नीट उघडेनात. शेजारच्याच खोलीत १९४० च्या दशकातल्या चित्रपटाचं एक रीळ टेबलावर चढवलं की अजूनही माणसं हलतात, बोलतात. रीळ थंड, कोरड्या जागी ठेवून विसरलं तरी दशकं निघतात. फाइल विसरली की गेली. फाइल म्हणजे लोणचं नव्हे, मुरत ठेवायला. तिला दर काही वर्षांनी उचलून नव्या ठिकाणी न्यावं लागतं. आम्ही जुन्यांच्या मागे धावत होतो आणि आमच्या डोळ्यांदेखत तयार झालेले चित्रपट आमच्याच कपाटात मेले. त्यानंतर आम्ही अट घातली : मदतीचा शेवटचा हप्ता हवा असेल तर आधी दोन वेगवेगळ्या डिस्कवर चित्रपट, पटकथा, सबटायटलची फाइल आणि एका कागदावर कुणी काय केलं त्याची यादी. मुलं कुरकुरतात. त्यांना पुढचा चित्रपट करायचा असतो. त्यांचं बरोबर आहे. म्हणून ते काम करायला हिशेबनीस लागतो.

मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. माझ्या जागी आलेली मुलगी कॉमर्सचीच आहे. पहिल्या दिवशी तिच्यापुढे मी नेलकटर ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, "ताई, झाकणावरचं हे काय लिहिलंय?" मग मात्र मी निर्धास्त झाले.

तुमच्या घरी, गावी, माळ्यावर, गोठ्यात, बंद पडलेल्या थिएटराच्या केबिनमध्ये असा एखादा डबा असेल तर झाकण पुसू नका. आधी त्याचा फोटो काढा. डबा गॅस, देवघर, उन्हापासून लांब ठेवा, आणि उघडल्यावर आंबट वास आला तर बाकीच्या डब्यांपासून वेगळा करा. फिल्म ओढून उजेडाला धरू नका. आणि आत कुरडया निघाल्या तरी डबा फेकू नका. झाकणावर काहीतरी लिहिलेलं असेल.